लाईट गेल्यावर काय उरतं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात रात्री लाईट गेली. मी तिथेच होतो. इन्व्हर्टर होता, चालूही झाला, पण अर्ध्या तासात बसला. कारण प्रसूतिगृहाचे दिवे, ऑफिसचे पंखे, टीव्ही, वॉटर कूलर, सगळं एकाच लाईनवर. पुढचं काम मोबाईलच्या टॉर्चवर झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप, म्हणून बातमी चार ओळींत आतल्या पानावर गेली.

या प्रश्नाचं नीट उत्तर मला सापडलं ते घरी विमान बनवणाऱ्यांच्या इतिहासात. हसू नका. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणीही झाली, हे आपण वाचलंय. अमेरिकेत तर अशी हजारो विमानं आहेत. त्यांची वीज कुठून येते, ही गोष्ट वाचण्यासारखी आहे.

सुरुवात १९०३ पासून. राईट बंधूंच्या विमानात बॅटरी नव्हतीच. इंजिन सुरू करायला कोरड्या सेलची बॅटरी वापरली, पण ती जमिनीवरच राहिली. हवेत ठिणगी दिली मॅग्नेटोने. मॅग्नेटो म्हणजे काय, हे माझ्या पिढीला वेगळं सांगायला नको. वडिलांची लुना आठवा. बॅटरी नाही, तरी पॅडल मारलं की सुरू. इंजिन फिरतं, त्याबरोबर चुंबक फिरतं, तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते आणि तीच स्पार्क प्लगला जाते. इंजिन फिरतंय तोवर ठिणगी आहे. बाहेरून कुणाची मेहेरबानी नको.

१९२७ मध्ये लिंडबर्ग एकटा साडेतेहतीस तासांत न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला. विमानात रेडिओ नाही. इंजिनाला मात्र दोन मॅग्नेटो. त्याच्या खास होकायंत्राला लागणारी वीजसुद्धा वाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या पंख्यातून मिळायची. पुढे घरच्या विमानांतही हीच काटकसर चालली. बर्ट रुटानचं 'व्हेरीईझी' १९७५ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या मूळ आराखड्यात स्टार्टर नव्हता, पंखा हाताने फिरवायचा. वजन वाचतं आणि बिघडायला एक वस्तू कमी.

मग काळ बदलला. रेडिओ आले, रात्रीचे दिवे आले, काट्यांच्या जागी स्क्रीन आले. पुढे काहींनी मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, पेट्रोल सोडायलाही विजेचा पंप लावला. इंजिन सुधारलं, पण आता वीज गेली की इंजिनच बंद. जी वीज कालपर्यंत सोय होती, ती आता जीव झाली.

इथे कॅन्ससमधल्या रॉबर्ट नकोल्स या इंजिनिअरचं नाव घ्यावं लागतं. 'एरोइलेक्ट्रिक कनेक्शन' हे त्याचं पुस्तक घरी विमान बनवणारे हाताशी ठेवतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू बिघडणारच, हे आधीच धरून चाला. बिघडल्यावर प्रवास नीट पूर्ण होईल, अशी वायरिंग करा.

म्हणून तो एक वेगळी छोटी लाईन काढायला सांगतो. अल्टरनेटर बंद पडला की मुख्य लाईन बंद करायची आणि बॅटरीतून थेट या लाईनला वीज द्यायची. तिच्यावर काय? उतरेपर्यंत लागेल तेवढंच. हिशेब साधा आहे. १६ अँपिअर-तासाची बॅटरी, सगळं चालू ठेवून १६ अँपिअर ओढले तर कागदावर एक तास. ४ अँपिअरवर आणलं तर चार तास. प्रत्यक्षात थोडं कमीच. बॅटरी जुनी झाली की तो हिशेबही खोटा पडतो, म्हणून ती वेळोवेळी तपासायची, नाहीतर सरळ बदलायची. शिवाय एक दिवा असा लावायचा, की व्होल्टेज १३ च्या खाली गेलं की तो पेटेल. चार्जिंग थांबल्याचं लगेच कळायला हवं, अंधार झाल्यावर नव्हे.

बघा, यात भारी यंत्र कुठलंच नाही. एक जादा वायर, एक स्विच, एक दिवा. खरं काम आहे ते आधी बसून यादी करायचं: लाईट गेल्यावर काय चालू राहिलंच पाहिजे आणि काय बंद पडलं तरी चालेल.

आमच्या दवाखान्यात ती यादी कुणी केली नव्हती. इन्व्हर्टरची खरेदी झाली, उद्घाटन झालं, फोटो मीच छापला. कुठल्या खोलीला किती वेळ वीज पुरेल, हे तेव्हा मीही विचारलं नाही. ती चूक माझीही.

आता विचारतोय. तुमच्या गावातल्या दवाखान्यात, पाणीपुरवठ्याच्या पंपावर, शाळेत जाऊन एवढंच विचारा: बॅकअपवर नेमकं काय काय आहे, किती वेळ चालतं, आणि शेवटचं कधी तपासलं? मिळालेलं उत्तर खाली लिहा. मी यादी करतोय.