गंगाखेडची वाट आणि वारीचा भरवसा

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते आणि परंपरेनुसार लहानपणीच पंढरपुरी नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आलेल्या जनाबाईंमुळे त्याचे वारकरी पंथाशी नाते जडले. वारी, म्हणजे ठरलेल्या तिथीला पंढरपूरला नेमाने जाणे, ही आषाढीच्या निमित्ताने ऐन पावसाळ्यात घडते. त्यामुळे पूल नसलेल्या काळात उत्तरेकडून येणाऱ्या यात्रेकरूंना नदीच्या पाण्यावर आणि नावेवर विसंबावे लागे. विदर्भातील शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखीही परभणीकडून येऊन गंगाखेडमार्गे परळीकडे जाते आणि वाटेवरील गावे वारकऱ्यांना अन्नदान करतात, म्हणजे धर्मकार्य मानून विनामूल्य जेवू घालतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी थांबली, तेव्हा अनेकांनी घरीच भजन करून नेम पाळला. विठ्ठलावरील श्रद्धा पूर ओसरवत नाही किंवा रस्ता सुधारत नाही. मात्र तिच्यातून उभी राहिलेली अन्नदानाची व्यवस्था अडलेल्या प्रवाशाला आधार देते आणि वारीच्या सातत्याचे श्रेय या दोहोंनाही द्यावे लागते.