आपल्या गाण्यांचं प्रदर्शन मांडलं तर?



नवी मुंबईत नेरुळच्या मोठ्या मैदानावर डिसेंबर 2019 मध्ये आयर्लंडचा यू-टू हा रॉक बँड आला होता. जानेवारी 2025 मध्ये इंग्लंडचा कोल्डप्ले आला. रॉक म्हणजे विजेवरची गिटार, दणदणीत ड्रम आणि अंगात भिनणारा ठेका. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात 1995 पासून या संगीताचं मोठं संग्रहालय आहे. तिथे गायकांची वाद्यं, कपडे, हातानं लिहिलेली गाणीसुद्धा जपून ठेवली आहेत.

ते ऐकून आम्ही विचार केला, आपल्या आगरी-कोळी गावांच्या गाण्यांचं प्रदर्शन मांडलं तर त्यात काय ठेवायचं?

पहिला मान बेंजोला. हळदीला, विसर्जनाला बेंजो पार्टी हवीच. पण या वाद्याचं माहेर जपान! 1912 च्या सुमारास नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो हे तारवाद्य केलं. ते भारतात आलं आणि बुलबुलतरंग झालं. रॉकवाल्यांनी गिटारला वीज जोडली, आपल्या पोरांनी बेंजोला. मग कोळीगीतं स्पीकरवर घुमू लागली.

पण बेंजोच्या आधी मांडवात कुणाचा आवाज होता? धवलारणीचा. हळद, मांडव, लग्न, प्रत्येक विधीचा धवला तिला तोंडपाठ. पोथी नाही, वही नाही. सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे गाणं जायचं. वारली समाजात तर धवलेरी बाईच लग्न लावते. म्हणजे मंगलकार्याचा मान बाईकडे होता, हे आपल्या मुलींना सांगायला हवं.

1970 मध्ये सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांची जमीन घेतली गेली. 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढताना पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. भातशेती गेली, मिठागरं गेली. काम गेलं की कामाबरोबरचं गाणंही विसरलं जातं. आता हळदीला स्पीकर इतका मोठा असतो की शेजारी बसलेल्या आजीचा धवला ऐकू येत नाही. बेंजो पार्टीत वाजवणारेही बहुतेक पुरुषच.

वस्तू जपता येतात. पुण्यात दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास दिवे, अडकित्ते, वाद्यं अशा घरातल्याच वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते संग्रहालय आज उभं आहे.

पण आवाज काचेच्या कपाटात राहत नाही. त्यासाठी हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर बाईचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. कारण गाणं कुणाचं, हे कळलं पाहिजे.

मैत्रिणींनो, आपल्याला इमारत नको, तिकीट नको. गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या एका गाणाऱ्या आजीला बोलवा. तिची परवानगी घ्या, मोबाईलवर गाणं भरून घ्या. वहीत तिचं नाव, गाव, गाणं कधी म्हणतात आणि ती कुणाकडून शिकली, एवढं लिहा. तिला पहिल्या खुर्चीवर बसवा. आणि त्या दिवशी स्पीकर बंद ठेवा.