माफीच्या आधीची गोष्ट : नगरच्या कृपाबाई



मंडळीतल्या बहिणी एकत्र बसल्या की एक सल्ला हमखास ऐकू येतो : “जाऊ दे ग, माफ करून टाक.” सासूने टोचून बोललं, नवरा पिऊन आला, भावाने जमिनीत वाटा दिला नाही, बाप्तिस्मा घेतला म्हणून माहेरचं दार बंद झालं, सगळ्यांवर उपाय एकच. सल्ला खोटा नाही, आपल्या प्रभूचीच आज्ञा आहे. पण ज्या बाईला तो दिला जातो, तिची गोष्ट आधी कुणी पूर्ण ऐकलेली असते का? हा प्रश्न मनात ठेवून आज एका विस्मृतीत गेलेल्या बहिणीची ओळख करून देते. तिचं नाव कृपाबाई सत्यनाथन.

अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला 1831 मध्ये सुरू झालं. 1839 मध्ये तिथे हरिपंत खिस्ती या ब्राह्मण गृहस्थाने बाप्तिस्मा घेतला. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जात गेली, घर गेलं, जिवंत माणसाचं नातं तुटलं. हरिपंत आणि राधाबाई यांच्या पोटी 1862 मध्ये कृपाबाईंचा जन्म झाला. भावंडं बरीच, आणि वडील त्या लहान असतानाच गेले. थोरला भाऊ भास्कर याने तिला पुस्तकांची गोडी लावली, तर तोही ऐन तारुण्यात देवाघरी गेला.

कृपाबाई हुशार होत्या. 1878 मध्ये त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, तेही मुलींनी अक्षर गिरवणं हीच नवलाई होती अशा काळात. पहिल्या वर्षी नाव काढलं, पण प्रकृतीने दगा दिला आणि डॉक्टर होण्याचं स्वप्न तिथेच थांबलं. पुढे सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी लग्न झालं. उटकमंडला संसार मांडला आणि तिथे मुसलमान मुलींसाठी शाळा काढायला त्यांनी हातभार लावला. एकच मूल झालं, तेही तान्हेपणीच गेलं. क्षयाने शरीर पोखरत होतं, आणि त्याच दिवसांत त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या : ‘सगुणा’ आणि ‘कमला’. दोन्ही इंग्रजीत, त्यांतली ‘सगुणा’ मद्रासच्या एका मासिकातून आधी क्रमशः आलेली. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. 1894 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्या प्रभूकडे गेल्या.

‘सगुणा’ बरीचशी त्यांच्या स्वतःच्या घराची गोष्ट आहे. नवरा ख्रिस्ती होतो. बायकोला त्यातलं काही उमगत नाही, तिला मनाविरुद्ध त्याच्याकडे यावं लागतं, आणि तिचं सगळं जग मागे राहतं. लेखिका भक्त ख्रिस्ती होती. वडिलांच्या श्रद्धेचा तिला अभिमान होता. तरी आईचे अश्रू तिने वगळले नाहीत. विश्वासाची किंमत घरातल्या बाईने कशी मोजली, हे तिने प्रेमाने पण स्पष्ट लिहून ठेवलं.

‘कमला’ तर हिंदू घराची गोष्ट. आईविना वाढलेली मुलगी, बालपणी लग्न, सासरचा जाच, दुसऱ्या बाईच्या नादी लागलेला नवरा. पुढे तो मरतो, आणि कमलाचं लेकरूही जातं. तिच्यावर मनापासून प्रेम करणारा एक भला माणूस तिला मागणी घालतो, पण ती नकार देते आणि उरलेलं आयुष्य दीनदुबळ्यांसाठी वेचते.

इथे एक तुलना करावीशी वाटते. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. विधवांच्या हालांना वाचा फोडणारं ते मोठं काम. तिथे यमुना शेवटी ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते, गोष्ट मार्गी लागते. कमलाच्या गोष्टीत असा शेवट नाही. स्वतःचं बाळ गमावलेल्या आईला ठाऊक होतं की काही दुःखं मार्गी लागत नाहीत, ती सोबत घेऊनच चालावं लागतं. आणि ज्या समाजाने तिच्या आईवडिलांना तोडलं, त्या समाजातल्या मुलीचं दुःख तिने आपलंच मानून लिहिलं. मला यात क्षमा दिसते. छळाला तिने छळच म्हटलं, पण तो करणाऱ्यांच्या लेकींना परकं मानलं नाही.

त्याच नगरच्या मातीत पुढे लक्ष्मीबाई टिळक आल्या. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचाही संसार दुभंगला. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण नवऱ्याचा संताप, विक्षिप्तपणा, आपला हट्ट, काहीच त्यांनी झाकलं नाही. झाकलं नाही म्हणूनच त्यातलं प्रेम खरं वाटतं.

पवित्र शास्त्रातही असंच आहे. उत्पत्तीच्या 45 व्या अध्यायात योसेफ भावांना लगेच ‘जाऊ दे’ म्हणत नाही. आधी तो मोठ्याने रडतो. मग तुम्ही मला विकलं, हे तोंडावर बोलतो. त्यानंतर देवाचा हात दाखवतो आणि त्यांना गळ्याशी धरतो. अश्रू, सत्य आणि मग मिठी. यातलं मधलं पाऊल गाळून झालेली माफी म्हणजे नुसती झाकपाक. जखम वरून बुजते, आत पू तसाच राहतो.

आपण गोडादऱ्यातली माणसंही घर मागे ठेवून आलेली आहोत. कुणी जळगावचं, कुणी धुळ्याचं, कुणी नंदुरबारचं. कृपाबाईंनी दूर मद्रासकडे राहून नगर-नाशिककडचं जग लिहिलं, तसं आपल्या आयाबहिणींच्या मनातही गावाकडचं बरंच काही साठलेलं आहे. त्यांना लिहायला वेळ नसेल, पण सांगता तर येईल. या आठवड्यात अशा एखाद्या बहिणीजवळ बसा. सल्ला देऊ नका, वचन सांगायची घाई करू नका. तिची गोष्ट शेवटपर्यंत ऐका. सत्तर वेळा सात क्षमा करायला प्रभूने सांगितलं आहे, आणि ती करायचं बळही तोच देईल. आपल्याकडून तिला ऐकणारे कान मिळोत.

हे दयाळू पित्या, ज्या घरांत आज अबोला आहे, तिथे खरं बोलण्याचं धैर्य दे, आणि खरं ऐकून घेण्याची नम्रता दे. आमेन.