स्कारबरोचा नाविक इतिहासकार

श्रोतेहो, इतिहासकार म्हटला कीं दप्तरें, तहनामे आणि लढायांचे वृत्तांत यांत बुडून गेलेला एखादा विद्वान् आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु इतिहासकारांचा आणखी एक वर्ग आहे. विश्वविद्यालयांच्या भिंतींवर त्यांचीं नांवें कोरलेलीं नसतात, त्यांच्या ग्रंथांवरून वाद माजत नाहींत, आणि त्यांच्या गांवाबाहेर त्यांना फारसें कोणी ओळखीत नाहीं. हे आपापल्या गांवाचे इतिहासकार. राष्ट्राच्या इतिहासाची भिंत ज्या मातीची रचावयाची, ती माती हे लोक ओंजळीओंजळीनें आणून टाकीत असतात. अशा एका गृहस्थाची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे. त्याचें नांव टॉमस हिंडरवेल आणि त्याचें गांव इंग्लंडमधील स्कारबरो.

स्कारबरो हें यॉर्कशर परगण्यांत, उत्तर समुद्राच्या कांठीं वसलेलें शहर. समुद्रांत एक उंच भूशिर पुढें आलेलें आहे, त्याच्या माथ्यावर बाराव्या शतकांतील किल्ल्याचे भग्नावशेष आहेत, आणि त्याच्या दोन्ही अंगांस दोन उपसागर पसरलेले आहेत. दक्षिणेकडील उपसागरांत, किल्ल्याच्या छायेखालीं, जुनें बंदर आहे. तिसऱ्या हेन्री राजानें 1253 सालीं या गांवाला जत्रेची सनद दिली. ही जत्रा 15 ऑगस्टपासून 29 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे तब्बल दीड महिना भरत असे, आणि दूरदूरचे व्यापारी गलबतें घेऊन तेथें येत. मासे, मीठ, लोंकर आणि जहाजें यांवर जगणारें हें गांव होतें.

पुढें 1626 च्या सुमारास एका स्थानिक गृहिणीला कड्याच्या पायथ्याशीं क्षारयुक्त पाण्याचा झरा आढळला. तें पाणी औषधी आहे अशी कीर्ति पसरली. डॉक्टर रॉबर्ट विटी यानें 1660 सालीं त्या झऱ्यावर पुस्तक लिहिलें, आणि पुढें समुद्रस्नानाच्या आरोग्यदायी गुणांचाही पुरस्कार केला. प्रतिष्ठित कुटुंबें उन्हाळा घालविण्यास स्कारबरोला येऊं लागलीं. 1735 च्या एका कोरीव चित्रांत वाळूवर चाकांची एक लहानशी खोली दिसते. अशा खोलींत कपडे उतरून थेट पाण्यांत शिरावयाचें, अशी तेव्हांची रीत होती. समुद्रकांठच्या विहारनगरांची जी परंपरा इंग्लंडांत पुढें फोंफावली, तिचा उगम बहुधा या गांवींच शोधला जातो.

विहारनगराचा एक स्वभाव असतो. तेथें येणारा पाहुणा एका हंगामापुरता येतो. त्याला हवा चांगली पाहिजे, खोलींतून समुद्र दिसला पाहिजे, संध्याकाळीं वाद्यवृंद पाहिजे. गांवांत पूर्वीं काय घडलें याची त्याला फारशी गरज नसते. किल्ल्याविषयीं चार ओळी मार्गदर्शक पुस्तकांत असल्या कीं त्याचें काम भागतें. दरवर्षीं नवी गर्दी येते, तिच्या आवडीप्रमाणें दुकानें बदलतात, घरें बदलतात, आणि हळूहळू रहिवासीही आपल्या गांवाकडे पाहुण्याच्याच दृष्टीनें पाहूं लागतात. ज्या गांवाचा धंदाच परक्यांच्या आवडीवर चालतो, त्याला स्वतःची आठवण ठेवणें कठीण जातें. हिंडरवेलच्या कार्याचें मोल समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

हिंडरवेलचा जन्म 1744 सालीं स्कारबरोंतच झाला. घराणें दर्यावर्दी. थोडेंसें शालेय शिक्षण झाल्यावर तो लहान वयांतच जहाजावर गेला आणि वाढत वाढत जहाजाचा कप्तान झाला. वयाची तिशी उलटली तेव्हां, बेताची पण पुरेशी मिळकत गांठीला बांधून, त्यानें समुद्राचा निरोप घेतला आणि तो कायमचा गांवांत स्थिरावला. त्यानें विवाह केला नाहीं. पुढचें अर्धें शतक त्यानें गांवाच्या कामांत घालविलें. नगराच्या कारभाराचीं सूत्रें अनेकदां त्याच्या हातीं आलीं, आणि वृद्ध नाविकांचा व त्यांच्या विधवांचा सांभाळ करणाऱ्या ट्रिनिटी हाऊस या जुन्या संस्थेशींही त्याचा निकट संबंध होता.

तो गांवांत स्थिरावला तो काळ कसा होता पाहा. त्याच्या जन्मापूर्वीं थोडींच वर्षें, 1737 च्या डिसेंबरांत, कडा खचून औषधी झरा व त्यावरील बांधकाम गडप झालें होतें. झरा पुन्हां शोधून काढण्यांत आला, परंतु ती हकीकत डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें हिंडरवेलच्या तरुणपणीं हयात असलीं तरी एकेक करून जात होतीं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, 535 वर्षें चालत आलेली ती प्रसिद्ध जत्रा 1788 सालीं बंद पडली. एखाद्या युद्धानें किंवा रोगराईनें ती मोडली असती तर तिचा शेवट निदान लक्षांत राहिला असता. ती तशी गेली नाहीं. व्यापाराच्या वाटा बदलल्या, तिचें महत्त्व ओसरत गेलें आणि ती थांबली. जी गोष्ट अशी निमूटपणें जाते, ती कोणी तरी लिहून ठेविली नाहीं तर दोन पिढ्यांत तिचें नांवही उरत नाहीं.

जत्रा थांबली त्यानंतर दहा वर्षांनीं, 1798 सालीं, हिंडरवेलचा "स्कारबरो व आसपासच्या प्रदेशाचा इतिहास आणि पुरातत्त्व" हा ग्रंथ यॉर्क येथें छापून प्रसिद्ध झाला. त्यांत चित्रें आहेत, नकाशे आहेत, किल्ला, मठ व देवालयें, बंदर, व्यापार, औषधी झरा आणि भोंवतालचा मुलूख यांचें वर्णन आहे. लेखक चौपन्न वर्षांचा होता आणि कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती. आजच्या संशोधकाला त्याच्या ग्रंथांत उणीवा आढळतील. परंतु गांवाच्या सनदा, नोंदी आणि ऐकीव माहिती या निरनिराळ्या धाग्यांचा एक पट विणण्याचें काम त्यानें केलें, आणि त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकाला त्या पटाचा आधार घ्यावा लागला.

एक उदाहरण घेऊं. किल्ल्याशेजारीं संत मेरीचें प्राचीन देवालय आहे. त्याच्या पूर्वेला नुसत्या मोडक्या भिंती उभ्या आहेत. पाहुण्याला वाटतें, कालमानानें पडझड झाली असेल. वस्तुतः 1645 सालच्या यादवी युद्धांत सर ह्यू चोल्मली राजपक्षातर्फे किल्ला लढवीत होता. पार्लमेंटपक्षाच्या सैन्यानें देवालयांतच तोफा चढविल्या, आणि किल्ल्यावरून सुटलेल्या गोळ्यांनीं देवालयाचा तो भाग जमीनदोस्त झाला. अखेर उपासमारीनें व रोगानें गांजलेल्या शिबंदीनें जुलै महिन्यांत किल्ला खालीं केला. हें ठाऊक असणाऱ्याला त्या भिंती बोलूं लागतात. ठाऊक नसणाऱ्याला ते केवळ दगड. गांवाचा इतिहासकार करतो तें इतकेंच, पण तें त्याच्यावांचून दुसरें कोणी करीत नाहीं.

ग्रंथ लिहून हिंडरवेल स्वस्थ बसला असता तरी त्याचें नांव राहिलें असतें. परंतु त्याच्या हातून याहून निराळें असें एक कार्य झालें. उत्तर समुद्राचा तो किनारा गलबतांना फार घातक. 1789 सालीं टाइन नदीच्या मुखाशीं एक जहाज फुटलें, आणि किनाऱ्यावर जमलेल्या हजारों लोकांच्या देखत त्यांतील खलाशी बुडाले. लाटांत नाव घालण्याचें कोणाला धैर्य झालें नाहीं. त्यानंतर साउथ शील्ड्स येथील हेन्री ग्रेटहेड यानें दोन्ही टोंकांस निमुळती, बुचाचें अस्तर लावलेली, पाणी भरलें तरी न बुडणारी अशी जीवरक्षक नाव 1790 सालीं तयार केली. अशी नाव स्कारबरोला असावी म्हणून हिंडरवेलनें खटपट केली. गांवांत वर्गणी जमली, आणि 1801 सालीं नाव सिद्ध झाली.

त्याच वर्षीं 2 नोव्हेंबर रोजीं पूर्वेकडून भयंकर वादळ उठलें आणि न्यूकॅसलचें 'अरोरा' नांवाचें जहाज बंदराच्या दक्षिणेस किनाऱ्याकडे फेंकलें गेलें. नवी नाव पाण्यांत लोटण्यांत आली आणि तिनें खलाशांना सुखरूप आणलें. ही हकीकत हिंडरवेलनें ग्रेटहेडला पत्रानें कळविली. पुढें पार्लमेंटनें ग्रेटहेडच्या शोधाची चौकशी केली तेव्हां हें पत्र पुराव्यादाखल आलें, आणि 1802 सालीं ग्रेटहेडला 1,200 पौंडांचें पारितोषिक मिळालें. पत्रांतील एक मुद्दा मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. नाव बांधतांना मूळ आराखड्यापासून यत्किंचितही फारकत केली नाहीं, असें तो मुद्दाम नमूद करतो. नव्या शोधाविषयीं गांवोगांवीं अढी असते हेंही तो जाणून आहे. म्हणूनच वाद न घालतां, तारीख, वारा आणि जहाजाचें नांव देऊन तो काय घडलें तें सांगतो.

श्रोतेहो, हीच त्याची खरी ओळख आहे असें मला वाटतें. जहाजाच्या रोजनिशींत वाऱ्याची दिशा चुकीची लिहिली तर माणसें बुडतात, हें कप्तानाला अनुभवानें कळलेलें असतें. जें झालें तें तसेंच लिहावें, ही शिस्त घेऊनच तो इतिहासाकडे वळला. गतकाळाची नोंद ठेवणारा आणि उद्यां बुडणाऱ्यासाठीं नाव बांधणारा असे दोन हिंडरवेल नव्हते. गांवचा एकही माणूस, मेलेला असो वा जिवंत, निष्काळजीपणानें हरवूं नये, ही एकच काळजी दोन्हीं कामांमागें होती.

त्याच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति 1811 सालीं निघाली. 1824 सालीं जीवरक्षणाची राष्ट्रीय संस्था इंग्लंडांत स्थापन झालेली त्यानें पाहिली, आणि 1825 च्या ऑक्टोबरांत, वयाचीं एक्याऐंशी वर्षें पुरीं होण्याच्या थोडेसें आधीं, तो निवर्तला. गांवांतील पुस्तकविक्रेता जॉन कोल यानें त्याचें चरित्र लिहून प्रसिद्ध केलें. ग्रंथाची तिसरी आवृत्ति 1832 सालीं आली. जीवाश्म आणि खनिजें यांचाही त्यानें संग्रह केला होता. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम स्मिथ याच्या कल्पनेनुसार उभारलेलें रोटंडा नांवाचें गोल संग्रहालय 1829 सालीं उघडलें, तेव्हां हिंडरवेलचा संग्रह त्यांतील वस्तूंच्या आरंभींच्या भांडवलांपैकीं एक ठरला. तें संग्रहालय आजही उभें आहे.

पुढें 1845 सालीं आगगाडी आली, 1867 सालीं भव्य ग्रँड हॉटेल उघडलें, आणि पाहुण्यांची संख्या हिंडरवेलच्या कल्पनेबाहेर वाढली. 16 डिसेंबर 1914 रोजीं जर्मन युद्धनौकांनीं गांवावर तोफांचा भडिमार केला. त्यानंतरच्या दशकांत किल्ल्याच्या भूशिरावर उत्खनन होऊन रोमनकालीन टेहळणीच्या ठाण्याचे पाये उघडे झाले. जुने कागद चाळून ते हातीं लागणें शक्यच नव्हतें. 1931 सालीं आर्थर राउंट्री यांनीं संपादिलेला स्कारबरोचा नवा इतिहास प्रसिद्ध झाला. ज्ञान पुढें गेलें, आणि तें जावेंच. तथापि पुढें जाणाऱ्याला पाऊल टेंकण्यास पहिली पायरी लागते, आणि ती घडविणाऱ्याला पुष्कळदां कोणी विचारीत नाहीं.

1801 सालीं सुरू झालेलें तें जीवरक्षक नावेचें ठाणें स्कारबरोंत अजून चालू आहे. वादळ झालें कीं माणसें नाव घेऊन बाहेर पडतात. त्यांतील किती जणांना हिंडरवेल ठाऊक असेल कोण जाणे. त्यानें बहुधा तशी अपेक्षाही केली नसती. त्याला हवें होतें तें इतकेंच, कीं नाव आराखड्याबरहुकूम असावी आणि नोंद खरी असावी. प्रत्येक गांवाला असा एक माणूस लाभला, तर राष्ट्राच्या इतिहासाची चिंता वाहण्याचें अर्धें काम आपोआप होईल.