सासूबाईंचा घास

माझ्या सासूबाई न्यूमोनियासाठी दवाखान्यात गेल्या त्या स्वतःच्या पायांनी. नऊ दिवसांनी ताप गेला, पण घरी आल्या दोघींच्या खांद्यावर. लुगडं नेसता येईना, न्हाणीपर्यंत जाता येईना. ‘वय झालं,’ असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

चूक जुनी आहे. पूर्वी डॉक्टरही म्हाताऱ्यांना पडून राहायलाच सांगत. मांडीचं हाड मोडलं की पायाला वजन लटकवून आठवडेच्या आठवडे खाटेवर. 1935 साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे गरिबांच्या जुन्या आश्रयगृहातले शेकडो रुग्ण आले. डॉ. मार्जरी वॉरेन या बाईंनी त्यांना एकेक करून तपासलं, उठवलं, चालवलं. खिळलेली म्हणून सोडून दिलेली कितीतरी माणसं घरी गेली. पुढे 1963 मध्ये अमेरिकेत डॉ. सिडनी कॅट्झ यांनी सहा गोष्टी मोजायला घेतल्या: अंघोळ, कपडे, संडास, खाटेवरून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. त्यांना दिसलं की हाताने जेवणं लवकर परत येतं, अंघोळ सगळ्यात शेवटी. लहान लेकरू शिकतं त्याच क्रमाने.

आपल्याकडे मोठे दवाखाने उशिरा आले. लातूरला डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय 1966 साली सुरू केलं. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988चं. त्याआधी म्हातारी घरातच वाकळेवर असायची, खुरडत का होईना मोरीपर्यंत जायची. (तेव्हा न्यूमोनियाने माणसं जायचीही, उगीच जुन्याचं कौतुक नको.) दवाखान्यात खाट उंच, हाताला सलाईन, लघवीची नळी, चष्मा घरी विसरलेला. पडून पडून मांड्यांतलं बळ जातं, उभं राहिलं की चक्कर येते, रात्री भान सुटतं. आणि उशाशी आपण, मायेनं घास भरवणाऱ्या. हात धड असताना मी नऊ दिवस त्यांना भरवलं, बायांनो. तेवढी सवयही मीच मोडली.

दुसऱ्यांदा ॲडमिट केलं तेव्हा चष्मा आणि चपला आधी पिशवीत टाकल्या. डॉक्टरांना रोज विचारलं, ‘आज उठवू का? नळी कधी काढता?’ होकार मिळाला की खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं, थोडं थांबायचं, मगच उभं करायचं. वरण-भाताची ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. अर्धा भात चादरीवर सांडला. सिस्टर माझ्यावर चिडल्या, सासूबाई त्याहून जास्त. पण जेवल्या आपल्या हाताने.