विमान सर्वांचे, माहितीपुस्तिकाही सर्वांची

संगणकाच्या पडद्यावर विमान उडवायला शिकवणारा प्रोग्रॅम म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर. असा प्रोग्रॅम स्वयंसेवकांनी मिळून लिहावा आणि तो सर्वांना खुला असावा, असा प्रस्ताव १९९६ साली डेव्हिड मर यांनी मांडला. १९९७ पासून कर्टिस ओल्सन यांनी काम पुढे नेले. हेच ‘फ्लाइटगिअर’.

प्रोग्रॅम सतत बदलतो, माहितीपुस्तिका मागे पडते. शिवाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नवशिक्या कुठे अडतो ते दिसत नाही. मग पुस्तिका लिहायची कोणी?

उत्तराची वाट १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी दाखवली होती: कोणाही वाचकाला दुरुस्त करता येणारी पाने, म्हणजे ‘विकी’. हे नाव होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून आले. हवाई भाषेत त्याचा अर्थ ‘झटपट’. फ्लाइटगिअरच्या स्वयंसेवकांनी याच पद्धतीने आपला माहितीकोश उभारला.

पण कोणी चुकीचे लिहिले तर? प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्यामुळे आधीचा मजकूर परत आणता येतो. चूक टळते असे नाही. ती सापडली की दुरुस्त करणे मात्र सोपे होते.

नुकतेच गणित सुटलेली मुलगी शेजारणीला ते नेमके समजावते, हे आपण वर्गात पाहतोच. मग प्रयोगवहीतल्या सूचना मुलांनाच सुधारू दिल्या तर?