एका कुपीत चार साप

सर्पदंशावर देतात त्या प्रतिविषाच्या कुपीवर चार नावं छापलेली असतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. तळाशी पांढरी भुकटी असते. तिच्यात 10 मिलिलिटर पाणी सोडून कुपी तळहातांत हलकेच फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो. हे चौघे एकत्र नांदायला लागण्याआधी बराच वाद झाला.

सुरुवात व्हिएतनामात झाली. 1891 साली साइगॉनची प्रयोगशाळा अल्बेर काल्मेत यांच्याकडे होती (बीसीजी लशीतला 'सी' तो यांचाच). बाक लियूकडच्या एका गावात पुराबरोबर नाग शिरले आणि चाळीस माणसांना चावले, चार दगावली. पकडलेले नाग पिंपात भरून काल्मेतना पाठवले गेले. पुढे फ्रान्समध्ये त्यांनी जनावरांना विष टोचून हळूहळू मात्रा वाढवत नेली. त्या जनावरांच्या रक्तातलं सीरम दुसऱ्याचा जीव वाचवतं, हे 1894 मध्ये त्यांनी दाखवलं. फिझालिक्स आणि बर्त्रां या संशोधकांनीही त्याच वर्षी ते सिद्ध केलं. मोठ्या प्रमाणावर सीरम काढायला घोडा सोयीचा ठरला, आजही तोच लागतो.

हे सीरम कुठल्याही सापाला चालेल, असं काल्मेत म्हणत. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन यांना ते पटलं नाही. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या परळच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लॅम यांनी पडताळून पाहिलं: नागावरचं सीरम घोणशीच्या विषापुढे कुचकामी ठरलं. ठरणारच होतं. नागाचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. पापण्या मिटू लागतात, मग श्वास थांबतो. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकतं. म्हणून ग्रामीण रुग्णालयात काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घेतात, 20 मिनिटं नळीला हात लावत नाहीत, मग ती तिरपी करतात. रक्त ओघळलं तर संशय घोणस किंवा फुरशावर जातो. यंत्राशिवाय, विजेशिवाय होणाऱ्या या चाचणीइतकी मोलाची गोष्ट सर्पदंशाच्या उपचारात क्वचितच असेल.

मण्यारीचं वेगळंच. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, खूण धड दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात कळा येतात आणि डोळे उघडेनासे होतात. त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी चालेल असं औषध हवं होतं, आणि चारही सापांवर चालणारं एकच प्रतिविष आलं. त्याच्या 1 मिलिलिटरमध्ये नाग आणि घोणशीचं प्रत्येकी 0.6, मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी 0.45 मिलिग्रॅम विष निकामी करण्याची ताकद असते.

कोकणातल्या चापडा या विषारी सापाला मात्र या कुपीत जागा नाही. शिवाय देशभरच्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष चेन्नईजवळच्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेतून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे आता सिद्ध झालं आहे. लॅम यांनी जातीजातींत दाखवलेला फरक आता प्रांताप्रांतांतही मानायला हवा, आणि महाराष्ट्रातल्या घोणस-फुरशाच्या विषावर इथलं प्रतिविष तयार व्हायला हवं.